मज्जातंतूंच्या आत : त्रिमितीय चित्रणातून काय कळतंय?

गारवेल

२०२० साली स्वीडनमधल्या लुंड-माल्मोच्या डॉक्टरांनी डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठातल्या गणितज्ञांना सोबत घेऊन मधुमेही माणसांच्या नसांचं त्रिमितीय चित्रण प्रसिद्ध केलं. मराठीत त्यावर कुठे काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, नर्व्ह बायोप्सी, म्हणजे नसेचा तुकडा तपासणं, हा माझ्या कामाचा भाग. त्यामुळे या विषयावर जरा पाल्हाळ लागेल, सांभाळून घ्या.

आधी रचना. हातापायांत गेलेली नस म्हणजे एकसंध दोरी नव्हे. सगळ्यांत आत ॲक्झॉन, म्हणजे प्रत्यक्ष संदेश वाहणारा तंतू. जाड तंतूंवर मायलिनचं वेष्टन असतं आणि ते सलग नसतं. साधारण मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी अंतरावर त्याला खंड पडतो, तो रॅन्व्हिएचा नोड. असे शेकडो-हजारो तंतू मिळून एक जुडगं होतं, त्याला आम्ही फॅसिकल म्हणतो. त्याभोवती पेरिन्यूरियमचा चिवट पडदा. अशी काही जुडगी चरबी आणि संयोजी ऊतीत बसवली, भोवती बाहेरचं आवरण घातलं, की झाली नस.

आम्ही हे सगळं बघतो ते आडव्या छेदात. घोट्यामागच्या सुरल नर्व्हचा छोटा तुकडा येतो, त्याचे मायक्रॉनभर जाडीचे छेद घ्यायचे, टोल्युइडिन ब्लूने रंगवायचे. मायलिनची निळी कडी दिसतात. जाड किती, बारीक किती, मधल्या जागा रिकाम्या पडल्यात का, हे मोजता येतं. तीन-चार बारीक कडी एकमेकांना खेटून बसलेली दिसली की रिपोर्टमध्ये 'रीजनरेटिव्ह क्लस्टर' लिहितो. म्हणजे इथे एक तंतू मेला आणि त्याच्या जागी नवे कोंब फुटले. पण हे कोंब नेमके कुठून फुटले, पुढे नीट गेले की भरकटले, याचं उत्तर त्या काचपट्टीवर नसतं. छेदाच्या वर काय होतं आणि खाली काय होतं ते आपण ताडतो.

लांबीच्या दिशेने बघायची एक जुनी पद्धत आहे. ऑस्मियमने काळा केलेला नसेचा तुकडा ग्लिसरीनमध्ये ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन बारीक सुयांनी एकेक तंतू सोडवून काचेवर आडवा लावायचा. दोन नोडमधलं अंतर त्यात सुंदर दिसतं, मायलिन कुठे नव्याने चढलंय तेही कळतं. मात्र तंतू सोडवला की त्याचे शेजारी गेले. कोण कोणाला चिकटून होतं ही माहिती त्या सुईनेच पुसली जाते.

स्वीडिश गटाने काय केलं, तर कार्पल टनेलच्या, म्हणजे मनगटात दबलेली नस मोकळी करण्याच्या, ऑपरेशनला आलेल्या रुग्णांच्या संमतीने मनगटाच्या मागच्या बाजूच्या पोस्टीरिअर इंटरऑसिअस नर्व्हचा तुकडा घेतला. ही निवड फार विचारपूर्वक आहे. ती नस तिथे फक्त सांध्याला जाते, त्यामुळे ती घेतल्याने कातडीला कुठे बधिरपणा येत नाही. सुरल घेतली की पावलाची बाहेरची कड बधिर होते आणि ते रुग्णाला सोसावं लागतं. निरोगी माणसाचा आणि टाइप १ व टाइप २ मधुमेह असलेल्यांचा असे तुकडे फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या ईएसआरएफ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर एक्स-रे देणाऱ्या यंत्रावर, नेले आणि १३० नॅनोमीटरच्या ठोकळ्यांत त्यांचं चित्र उभं केलं.

निरोगी तुकड्यात तंतू शिस्तीत समांतर चाललेले आहेत. मधुमेहींमध्ये क्लस्टरमधले बारीक तंतू एकमेकांभोवती पीळ घालत जाताना दिसतात. आडव्या छेदात हा पीळ दिसणं शक्यच नाही, तिथे फक्त चार कडी. सगळ्यात मोलाची मला वाटते ती एका नोडची पुनर्रचना : एका बाजूने मेलेल्या ॲक्झॉनचं उरलेलं टोक आणि त्याच नोडपासून बाहेर पडलेला नवा कोंब, दोन्ही एका चित्रात. कोंब नोडपाशी फुटतो हे आम्ही शिकलो होतो, शिकवतही होतो. माणसाच्या नसेत तो क्षण असा चारी बाजूंनी फिरवून बघता येईल, हे मात्र नवीन.

कोकणकडा

लेख आवडला ताई. सलग वाचून काढला. एक बाळबोध शंका : एक्स-रेत हाडं दिसतात, मांस नुसतं धुरकट. मग नसेसारखी मऊ गोष्ट, तीही आतून, एक्स-रेने कशी दिसते?

आवर्तन

कोकणकडा, शंका अजिबात बाळबोध नाही, सगळी मेख तिथेच आहे. याला मी उत्तर देतो, क्ष-किरण हा माझा प्रांत.

दवाखान्यातला एक्स-रे किरण किती शोषले गेले ते दाखवतो. हाडात कॅल्शियम आहे, ते शोषतं. नसेत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, ते जवळजवळ काहीच शोषत नाहीत. यावर दोन उपाय. पहिला, जड मूलद्रव्य भरायचं. साध्या मायक्रो-सीटीसाठी, म्हणजे छोट्या नमुन्यांच्या बारीक सीटी स्कॅनसाठी, नस आयोडीनच्या द्रावणात, म्हणजे ल्युगॉलमध्ये, भिजवून ठेवतात आणि मग जुडगी उठून दिसतात. चीनमध्ये ग्वांगझोऊच्या गटाने २०१७ मध्ये आयोडीन आणि फ्रीझ-ड्राइंग अशी जोड देऊन माणसाच्या नसेतल्या फॅसिकलचा नकाशा काढला होता. ताईंनी लिहिलेला ऑस्मियमही याच कामाचा, तो मायलिनमधल्या चरबीला धरून बसतो.

दुसरा उपाय जास्त सूक्ष्म. क्ष-किरण शोषले गेले नाहीत तरी पदार्थातून जाताना त्यांची कला किंचित सरकते, म्हणजे लाट मागेपुढे होते. हलक्या मूलद्रव्यांत ही सरक शोषणाच्या शेकडो पटींनी जास्त असते. पण ती टिपायला किरण एका सुरातले हवेत, आणि तसे किरण सिंक्रोट्रॉनवरच मुबलक मिळतात. ईएसआरएफची वर्तुळाकार नळी ८४४ मीटर परिघाची आहे, तीत ६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन फिरतात. होलोटोमोग्राफीत, म्हणजे स्वीडिश गटाने वापरलेल्या पद्धतीत, नमुना किरणांच्या केंद्रबिंदूपासून वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून, प्रत्येक अंतरावर तो गोल फिरवत हजारो प्रतिमा घेतात. प्रत्येक अंतरावर व्यतिकरणाच्या, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळून उमटणाऱ्या, कडा वेगळ्या पडतात आणि त्या सगळ्यांतून कला गणिताने परत मिळवतात.

आपल्याकडे इंदूरला राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ आहे, २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा, आणि त्यावर प्रतिमा घेण्यासाठी वेगळी बीमलाइनही आहे. ग्रनोबलची तीक्ष्णता तिथे मिळणार नाही. फॅसिकलच्या पातळीवरचं चित्रण मात्र तिथल्या आवाक्यातलं आहे असं माझं मत.

डॉ निशिगंध

उशिरा आलो धाग्यावर. मी हाताची सर्जरी करतो, त्यामुळे हा विषय माझ्या टेबलावरचा.

गारवेलताईंनी तंतूच्या पातळीवर लिहिलंय, मी एक पायरी वर येऊन फॅसिकलबद्दल लिहितो. मेलबर्नच्या सिडनी संडरलंड यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नसा तुटलेले सैनिक बघितले आणि १९४५ साली रेडियल, मीडियन आणि अल्नर या हाताच्या तीन मोठ्या नसांचा आतला नकाशा छापला. छेदामागून छेद, सगळं हाताने. त्यांनी दाखवलं की जुडगी मुळापासून टोकापर्यंत सरळ जात नाहीत. कल्याण स्टेशनाबाहेर रूळ जसे एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा फुटतात, तशी ती मिसळत-फुटत जातात. नसेची रचना न बदलता राहते ती जेमतेम दीड सेंटिमीटर, तीही क्वचित.

याचा अर्थ टेबलावर काय होतो बघा. काच घुसून मनगटाच्या वर मीडियन तुटली आहे, जखम जुनी आहे, दोन्ही टोकं खराब झाल्यामुळे मधला तीन सेंटिमीटर भाग काढावा लागला. आता वरच्या टोकात सहा जुडगी दिसतात आणि खालच्यात नऊ. कोणतं कोणाला जोडायचं? अंगठ्याच्या स्नायूकडे जाणारा तंतू तर्जनीच्या कातडीकडे जाणाऱ्या नळीत शिरला, तर तो कितीही छान वाढला तरी वाया गेला. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. चूक झाल्याचं कळेपर्यंत महिने जातात आणि तोवर स्नायू सुकलेला असतो.

त्यात आणखी एक आकडा. व्हिएन्नाच्या गटाने २०१७ मध्ये माणसाच्या हाताला जाणारे ॲक्झॉन मोजले. एकूण साडेतीन लाखांच्या आसपास, आणि त्यातले स्नायू हलवणारे फक्त सुमारे १० टक्के! बाकी सगळे संवेदनेचे. अंदाजाने जोडणी केली तर मोटर तंतूला मोटर वाट मिळण्याची शक्यता किती कमी, ते यावरून लक्षात यावं.

१९८० मध्ये जबॅली आणि सहकाऱ्यांनी संडरलंड यांच्या चित्राला एक दिलासादायक पुरवणी जोडली. हाताच्या खालच्या भागात, मनगटाकडे, जुडगी बरंच अंतर आपापली ओळख राखून जातात. म्हणून तिथे फॅसिकल जुळवून शिवण्यात अर्थ आहे. दंडात वर तसं नाही.

सांजपाखरू

वाचतेय. डॉक्टर, मग टेबलावर तुम्ही जुळवता तरी कसं? आधी स्कॅन करून नकाशा हातात घेऊन जाता येत नाही का?

डॉ निशिगंध

आज तरी तसा नकाशा मिळत नाही. का मिळत नाही ते पुढच्या प्रतिसादात ताई सांगतील.

आम्ही खुणा बघतो. ताज्या नसेच्या पृष्ठभागावर एक रक्तवाहिनी लांबीने गेलेली असते, दोन्ही टोकांवर ती समोरासमोर आणायची. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी नसेवर फिकट-गडद आडवे पट्टे दिसतात, फोंटानाचे पट्टे. तंतू आत नागमोडी पडलेले असतात त्यामुळे ते दिसतात. नस ताणली की पट्टे नाहीसे होतात. म्हणजे शिवताना पट्टे दिसत असले तर ताण बेताचा आहे. पट्टे गेले तर ओढून शिवू नये, मध्ये दुसऱ्या नसेच्या तुकड्याचं कलम घालावं. आणि जखम ताजी असेल, काही तासांतली ते फार तर तीन दिवसांची, तर खालच्या टोकाला विजेचा हलका झटका देऊन कोणतं जुडगं स्नायू हलवतं ते कळतं. त्यानंतर खालचा भाग प्रतिसाद देणं बंद करतो.

झटक्याचा हा उपयोग फ्रेंच सर्जन ओबेर्लीन यांच्या शस्त्रक्रियेत तर अप्रतिम आहे. मोटरसायकलवरून पडून खांद्याशी नसांची मुळंच उपटली जातात, असे तरुण आपल्याकडे सतत येतात. कोपर वाकत नाही. ओबेर्लीन यांनी १९९४ साली मांडलेली युक्ती अशी की दंडात धडधाकट अल्नर नस उघडायची, तिचं एखाद-दुसरं जुडगं काढायचं आणि ते बायसेप्सच्या फांदीला जोडायचं. कोणतं काढायचं? झटका देऊन बघायचं. मनगट वाकवणारं चालतं. बोटांच्या बारीक स्नायूंना हलवणारं असेल तर त्याला हात लावायचा नाही. जोडणी स्नायूच्या अगदी जवळ असल्याने काही महिन्यांत कोपर वाकायला लागतं. नसेची आतली रचना कळल्याचा इतका रोकडा फायदा दुसरा मला माहीत नाही.

गारवेल

डॉक्टर, फार छान लिहिलंत. फॅसिकलचा विषय निघालाच आहे, तर व्हेगसबद्दल सांगते.

व्हेगस मेंदूतून निघून मानेतून छाती-पोटापर्यंत जाते. मानेतल्या व्हेगसभोवती इलेक्ट्रोड गुंडाळून फेफऱ्यावर उपचार करायला अमेरिकेत १९९७ मध्ये परवानगी मिळाली, नैराश्यासाठी २००५ मध्ये. पण त्या विजेने आवाज बसतो, खोकला येतो, कारण स्वरयंत्राकडे जाणारे तंतू त्याच नसेत आहेत. मग असं वाटतं की इलेक्ट्रोडचे छोटे तुकडे करावेत आणि हवं तेच जुडगं चेतवावं. २०२२ मध्ये अमेरिकी गटाने माणसाच्या मानेतल्या व्हेगसचं मायक्रो-सीटी केलं. त्यांना आढळलं की सरासरी दर ५६० मायक्रॉनला कुठलं ना कुठलं फॅसिकल फुटतं किंवा दुसऱ्यात मिसळतं. अर्धा मिलिमीटर म्हणा ना! इलेक्ट्रोडच्या एका टोकाखालचा नकाशा दुसऱ्या टोकाखाली लागू नाही.

आता सांजपाखरूंच्या प्रश्नाकडे. जिवंत माणसात दोन साधनं आहेत. एमआर न्यूरोग्राफीत, म्हणजे नसांच्या एमआरआयमध्ये, मोठ्या नसा आणि त्यांना आलेली सूज दिसते, मोठी जुडगीही दिसतात, पण बारीक जुडग्यांचं फुटणं-मिसळणं निसटतं. दुसरं सोनोग्राफी. चांगल्या प्रोबने मनगटातली मीडियन मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते हे सगळ्या पुस्तकांत आहे, काळी भोकं म्हणजे फॅसिकल. ७० मेगाहर्ट्झपर्यंतचे प्रोबही आहेत, ते फार बारीक दाखवतात, पण कातडीखाली सेंटिमीटरभरच. त्याच्या खाली आवाज पोहोचत नाही.

बायनरी

संगणकाच्या अंगाने थोडी भर घालतो. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी २०४८ ठोकळे धरले तर एकूण ८५९ कोटी ठोकळे होतात. प्रत्येकी दोन बाइट धरले तरी १७ जीबी. आणि १३० नॅनोमीटरच्या हिशेबाने हा घन एका बाजूला जेमतेम पाव मिलिमीटरचा! बोटाच्या टोकापर्यंतची नस असं बघायची म्हटली तर गणितच सोडून द्यावं लागेल.

त्यात एकेक तंतू ओळखून वेगळा रंगवणं हे खरं काम. आडव्या प्रतिमेत मायलिनची कडा संगणकाला शोधून द्यायची आणि मग तीच कडा पुढच्या प्रतिमेत किती सरकली ते मागोवा घेत जायचं. तंतू समांतर असतील तर हे झकास चालतं. पीळ पडला, दोन मायलिन भिडले, की मागोवा शेजाऱ्यात शिरतो आणि माणसाला बसून दुरुस्त करावं लागतं. म्हणजे आजारी नस, जी बघण्यासाठी हा खटाटोप, तिथेच यंत्र जास्त अडखळतं. २०१५ नंतर यू-नेट पद्धतीच्या, नमुन्यांवरून शिकणाऱ्या संगणकी जाळ्यांनी हे बरंच सुकर केलं, पण त्यांना शिकवायला आधी कुणीतरी हाताने रंगवलेले नमुने हवेतच. तिथे ताईंसारख्या डोळ्यांना पर्याय नाही.

शिवार

मी चंद्रपूर भागात कुष्ठरोगाच्या कामात आहे. मज्जातंतूंवर धागा आणि कुष्ठरोगाचा उल्लेख नाही, म्हणून लिहितो.

हा जंतू श्वान पेशीत घर करतो, म्हणजे मायलिन ज्या पेशी बनवतात त्यांच्यातच. नस जाड होते. आम्ही कोपरामागची अल्नर आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची नस बोटांनी चाचपतो, कानामागून मानेवर उतरणारी नस तर कधी नुसती बघूनही दिसते. पण चाचपणीत माणसागणिक फरक पडतो. हैदराबादच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये सोनोग्राफीवर काम प्रसिद्ध केलं. नस किती जाड झाली ते मोजून कळतं, आतली फॅसिकलची नक्षी पुसली गेलीय का ते दिसतं, आणि रिॲक्शनच्या वेळी, म्हणजे आजार अचानक भडकून नस सुजते तेव्हा, डॉपलर लावला तर नसेच्या आत रक्तप्रवाह वाढलेला दिसतो. निरोगी नसेत तो दिसत नाही. तशी नस म्हणजे आत्ता आग लागलेली नस. स्टिरॉइड वेळेत सुरू झालं तर हात वाचतो.

एक बारकावा. कोपराशी नस दबून जाडी आली तर ती हाडाच्या खोबणीपाशीच असते. कुष्ठरोगात सगळ्यात जाड जागा बहुतेक वेळा खोबणीच्या काही सेंटिमीटर वर, दंडाच्या बाजूला. प्रोब खोबणीवर ठेवून थांबू नये, वर सरकवत जावा. माझी मागणी साधी आहे : ग्रनोबलचं चित्रण होत राहो, पण तालुक्याच्या दवाखान्यात चांगला प्रोब आणि तो धरणारा शिकलेला हात आधी यावा.

डॉ निशिगंध

शिवार यांच्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत.

मात्र एक मुद्दा मांडतो. ॲटलास काढून सर्जनच्या हाती देऊ असं अधूनमधून ऐकू येतं, त्यावर माझा विश्वास नाही. प्रत्येक माणसाची आतली रचना वेगळी. चार नसांचा सुंदर नकाशा पाचव्या नसेला लागू पडत नाही. उपयोग आहे तो नियम कळण्यात : कोणत्या पट्ट्यात जुडगी स्थिर असतात, मोटर तंतू साधारण कोणत्या बाजूला गोळा होतात. तेवढं पक्कं कळलं तरी पुष्कळ.

गारवेल

नियम कळायला नमुने पुष्कळ लागतील. स्वीडिश कामातले रुग्ण मोजकेच होते, आणि त्यांनी असं करता येतं एवढंच दाखवलं. त्यावरून मधुमेहात क्लस्टर इतक्या टक्क्यांनी वाढतात असं कुणी म्हणू नये. मोजणी त्रिमितीत करायची म्हणजे बायनरी यांनी लिहिलेली सगळी मेहनत प्रत्येक नमुन्याला आली.

वैशाखी

पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय. मला बरीच वर्षं शुगर आहे. रात्री तळपायांची आग होते, चादरीचा स्पर्शही नको वाटतो. एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी, केली तर नॉर्मल आली. घरचे म्हणतात रिपोर्ट चांगला आहे, मनातून काढून टाक. अशा चित्रणातून माझ्यासारखीला कधी काही कळेल का?

गारवेल

वैशाखी, तुमचा त्रास खरा आहे आणि एनसीव्ही नॉर्मल आली म्हणून तो खोटा ठरत नाही. ती तपासणी जाड, मायलिनवाल्या, वेगवान तंतूंची आहे. आग, टोचणी, चटका हे वाहून नेणारे तंतू अतिशय बारीक. त्यातले बरेचसे मायलिन नसलेले, एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी जाडीचे. एनसीव्हीत त्यांचा आवाज पोहोचत नाही. मी वर ज्याचं इतकं कौतुक केलं त्या १३० नॅनोमीटरच्या चित्रणातही ते नीट सुटे दिसणं अवघड, त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. शिवाय त्यासाठी नसेचा तुकडा कापून काढावा लागतो, त्यामुळे तुमच्या निदानासाठी ते उपयोगाचं नाही.

तुमच्यासाठी वेगळी वाट आहे. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, साधारण १० सेंटिमीटर वर, ३ मिलिमीटरचा कातडीचा पंच घेतात. भूल देऊन, टाकाही बहुतेक लागत नाही. त्यात कातडीच्या वरच्या थरात शिरणारे बारीक तंतू पीजीपी ९.५ या प्रथिनाच्या आधारे रंगवून मोजतात. वयानुसार अपेक्षित संख्या ठरलेली आहे, तिच्याशी ताडून बघतात. सगळीकडे होत नाही, मोठ्या शहरात चौकशी करावी लागेल. न्यूरॉलॉजिस्टना 'स्मॉल फायबर न्यूरोपथी' असं स्पष्ट म्हणून विचारा. बी-१२ तपासलं नसेल तर तेही तपासून घ्या, विशेषतः शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर. आणि रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं कारण नाही, आग कमी करणारी औषधं आहेत, ती डॉक्टर आधीही सुरू करू शकतात. पाय रोज उजेडात बघत जा, तळवा आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा.

वैशाखी

ताई, मनापासून आभार. मेटफॉर्मिन चालू आहे आणि बी-१२ कधी तपासलं नाही. याच आठवड्यात करून घेते. 'स्मॉल फायबर' हे शब्द लिहून ठेवलेत, जे होईल ते इथेच कळवेन.